एका हरकतीचे मोल : अमेरिकी सिनेटचा दिनक्रम

वॉशिंग्टनमधील कॅपिटॉल इमारतीत अमेरिकी सिनेटचे कामकाज ज्या हातोडीच्या ठोक्याने सुरू होते, ती हातोडी भारताने भेट दिलेली आहे. मुठीविना घडवलेली ही छोटी हस्तिदंती हातोडी हातात धरूनच मेजावर आपटावी लागते. तिच्या मध्यभागी फुलांची नक्षी कोरलेली आहे. सिनेटची जुनी हातोडी १९५४ साली तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या हातून एका वादळी चर्चेच्या वेळी दुभंगली. तेवढ्या मोठ्या आकाराचा हस्तिदंत अमेरिकेत मिळेना, तेव्हा भारतीय दूतावासाकडे विचारणा झाली. १७ नोव्हेंबर १९५४ रोजी भारताचे उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी स्वतः सिनेटमध्ये जाऊन नवी हातोडी सुपूर्द केली. राधाकृष्णन हे त्या वेळी राज्यसभेचे सभापती होते. एका वरिष्ठ सभागृहाच्या प्रमुखाने दुसऱ्या वरिष्ठ सभागृहाला दिलेली ही भेट होती.

या हातोडीच्या ठोक्यांचे पडसाद भारतातही उमटतात. १ ऑक्टोबर २००८ रोजी सिनेटने ८६ विरुद्ध १३ मतांनी संमती दिली नसती, तर भारत-अमेरिका नागरी अणुसहकार्य करार कागदावरच राहिला असता. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या भारतीयांच्या ग्रीन कार्डाचा प्रश्न याच सभागृहात वर्षभराहून अधिक काळ एकेका सदस्याच्या हरकतीने अडला. अमेरिकेतून मायदेशी पाठवल्या जाणाऱ्या पैशांवर किती कर बसावा, याचा निर्णयही २०२५ साली येथेच झाला. हे निर्णय कसे होतात, का रखडतात आणि एकटा सदस्य शंभर जणांच्या सभागृहाला कसा रोखू शकतो, हे समजून घ्यायचे तर सिनेटच्या एका दिवसाचा क्रम पाहावा लागतो.

शंभर जणांचे सभागृह

अमेरिकेतील प्रत्येक राज्यातून दोन, याप्रमाणे ५० राज्यांतून १०० सिनेटर निवडले जातात. सुमारे चार कोटी लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियाला दोन आणि सहा लाखांहूनही कमी लोकसंख्येच्या वायोमिंगलाही दोनच. भारताच्या राज्यसभेत राज्यांना साधारणपणे लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळतात. त्यामुळे उत्तर प्रदेशाला ३१, महाराष्ट्राला १९ आणि गोव्याला एक जागा आहे. अमेरिकेच्या घटनाकारांनी मात्र लहान-मोठ्या राज्यांना एकाच पंगतीत बसवले. लोकसंख्येचे प्रमाण तिथे प्रतिनिधीगृहात, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, पाळले जाते.

सिनेटरची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवडणुकीला सामोरे जातात. राज्यसभेतही एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. फरक निवडणुकीच्या पद्धतीत आहे. राज्यसभेचे बहुसंख्य सदस्य आमदार निवडतात, तर सिनेटर थेट जनतेकडून निवडून येतात. पूर्वी तेही राज्यांच्या विधिमंडळांकडून निवडले जात. १९१३ च्या १७ व्या घटनादुरुस्तीने ही पद्धत बदलली.

उपराष्ट्राध्यक्ष हे सिनेटचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. पण रोजच्या कामकाजात ते क्वचितच आसनावर दिसतात. मते समसमान पडली तरच त्यांना मत देता येते. कमला हॅरिस यांनी आपल्या कारकिर्दीत अशी ३३ निर्णायक मते दिली आणि जॉन कॅल्हून यांचा १९ व्या शतकापासून अबाधित असलेला ३१ मतांचा विक्रम मोडला. उपराष्ट्राध्यक्षांच्या अनुपस्थितीत हंगामी अध्यक्षाने आसन सांभाळावे, असे घटना सांगते आणि परंपरेने बहुमतातील सर्वांत ज्येष्ठ सदस्याला हे पद मिळते. प्रत्यक्षात बहुमतातील नवखे सदस्य पाळीपाळीने आसनावर बसतात. नियमांची तोंडओळख करून घेण्याचा हा त्यांचा वर्गच असतो. त्यांच्या पुढ्यात बसलेला संसदीय सल्लागार कोणता नियम लागू होतो, हे त्यांना हळूच सांगत असतो.

खरी सूत्रे असतात बहुमत पक्षाच्या नेत्याकडे. या पदाचा घटनेत उल्लेखही नाही. तरीही एकाच वेळी अनेक सदस्य बोलायला उभे राहिले, तर आसनाने प्रथम बहुमत नेत्याला संधी द्यायची, हा १९३७ पासूनचा संकेत आहे. कोणते विधेयक केव्हा पुढे आणायचे, हे ठरवण्याची त्याची ताकद एवढ्याशा संकेतातून निर्माण झाली आहे. रिपब्लिकन पक्षाचे जॉन थून जानेवारी २०२५ मध्ये या पदावर आले.

दिवसाचा आरंभ

कामकाजाची वेळ झाली की सिनेटच्या सर्व इमारतींमध्ये एक लांब घंटा वाजते. भिंतीवरच्या घड्याळांभोवतीच्या दिव्यांपैकी एक लाल दिवा लागतो आणि सभागृहाची बैठक संपेपर्यंत तो तेवत राहतो. पुढे दिवसभर घंटांची ही सांकेतिक भाषा चालू असते. एक घंटा म्हणजे नावनिशी मतदान, दोन म्हणजे गणसंख्येची मोजणी, चार म्हणजे बैठक संपली. समित्यांच्या खोल्यांत किंवा आपल्या कार्यालयात असलेले सदस्य या घंटांवर कान ठेवून असतात.

सभागृहात प्रथम धर्मगुरू प्रार्थना म्हणतात. त्यानंतर राष्ट्रध्वजाप्रती निष्ठेची प्रतिज्ञा होते. ही प्रथा सिनेटमध्ये १९९९ पासूनच रूढ झाली. मग दोन्ही पक्षांचे नेते बोलतात. दिवसभरात काय करायचे आहे, हे बहुमत नेता सांगतो आणि त्यात काय चुकले आहे, हे अल्पमत नेता सांगतो. दिवसाचे राजकारण काय आहे, ते या दोन भाषणांतून कळते. 

यानंतर येते 'सकाळचे कामकाज'. नाव सकाळचे असले तरी ते दुपारीही होऊ शकते. या वेळात सदस्य नवी विधेयके मांडतात, समित्यांचे अहवाल येतात आणि हव्या त्या विषयावर छोटी भाषणे होतात. कोणी आपल्या राज्यातील एखाद्या दिवंगत शिक्षकाला आदरांजली वाहतो, तर कोणी परराष्ट्र धोरणावर कोरडे ओढतो.

आपल्याकडच्या प्रश्नोत्तराच्या तासासारखे येथे काहीही नसते. कारण अमेरिकेत मंत्री हे संसदेचे सदस्य नसतात आणि ते सभागृहात उत्तर द्यायला येत नाहीत. मंत्र्यांची उलटतपासणी होते ती समित्यांमध्ये. म्हणूनच दूरचित्रवाणीवर सिनेटचे सभागृह ओस दिसते, तेव्हा सदस्य रजेवर आहेत असे समजण्याचे कारण नाही. बहुतेक जण समितीच्या बैठकीत असतात. सभागृहाची बैठक सुरू होऊन दोन तास उलटल्यावर समित्यांनी काम करायचे, तर नियमानुसार परवानगी लागते. एरवी ती सहज मिळते. पण रागावलेला विरोधी पक्ष कधी कधी तीही नाकारतो आणि भरात आलेली सुनावणी गुंडाळावी लागते.

आठवड्याचेही एक वेळापत्रक आहे. सदस्य दूरवरच्या राज्यांतून येत असल्याने सोमवारचे पहिले मतदान बहुधा संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास असते. मंगळवारी दुपारी दोन्ही पक्षांचे सदस्य आपापल्या पक्षाच्या भोजन बैठकीसाठी जातात आणि सभागृह तेवढा वेळ थांबते. गुरुवारी दुपारनंतर विमानतळाकडे रीघ लागते. म्हणूनच अडलेल्या प्रश्नांवर तडजोड होते ती बहुधा गुरुवारीच.

मोजणी, जी पूर्ण होत नाही

सिनेटचे कामकाज पहिल्यांदा पाहणाऱ्याला सर्वांत बुचकळ्यात टाकते ती गणसंख्येची मोजणी. घटनेनुसार कामकाजासाठी बहुसंख्य, म्हणजे ५१ सदस्य हजर असावे लागतात. प्रत्यक्षात सभागृहात अनेकदा दोन-तीनच सदस्य असतात. जोवर कोणी आक्षेप घेत नाही, तोवर गणसंख्या आहे असे मानले जाते.

भाषण संपवून एखादा सदस्य गणसंख्येचा मुद्दा काढतो. लिपिक हजेरीपट घेऊन एकेक नाव अत्यंत संथपणे पुकारू लागतो. कोणीही धावत येत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी किंवा तासाभरानेही दुसरा सदस्य येऊन मोजणी थांबवण्याची विनंती करतो, ती मान्य होते आणि कामकाज पुढे सुरू होते. हा सारा खटाटोप वेळ काढण्यासाठी असतो. पुढचा वक्ता वाटेवर असतो किंवा पडद्यामागे एखाद्या दुरुस्तीच्या शब्दांवर घासाघीस चाललेली असते. सभागृहात शांतता असते, तेव्हाच बहुधा महत्त्वाचे काम होत असते. मात्र ते सभागृहाबाहेर होत असते.

सिनेटचा 'दिवस'ही असाच फसवा आहे. संध्याकाळी बैठक विधिवत तहकूब झाली तर विधिमंडळीय दिवस संपतो. पण ती नुसती स्थगित केली, तर दुसऱ्या दिवशीही सिनेटच्या लेखी आदलाच दिवस चालू राहतो. नव्या दिवसाबरोबर काही प्रक्रिया पुन्हा सुरू कराव्या लागतात. त्या टाळण्यासाठी नेते ही युक्ती वापरतात. १९८० साली ३ जानेवारीला सुरू झालेला एक 'दिवस' १२ जूनपर्यंत, म्हणजे १६२ दिवस चालला होता.

'हरकत आहे काय?'

सिनेटच्या नियमांचे काटेकोर पालन करायचे ठरवले, तर तेथे पानही हलणार नाही. म्हणून रोजचे बहुतेक कामकाज सर्वसंमतीने चालते. सदस्य विनंती करतो, आसनावरून 'हरकत आहे काय?' अशी पृच्छा होते आणि कोणी बोलले नाही तर विनंती मंजूर होते. किती वेळ चर्चा, किती दुरुस्त्या, मतदान किती वाजता, हे सारे अशा संमतीनेच ठरते. किरकोळ विधेयके आणि शेकडो नेमणुकाही याच मार्गाने मंजूर होतात.

या सोयीची दुसरी बाजू अशी, की शंभरांपैकी एकाने 'माझी हरकत आहे' असे म्हटले की विनंती बारगळते. कारण देण्याचेही बंधन नसते. अशी हरकत घेण्याचा इरादा सदस्य आपल्या पक्षनेत्याला आधीच कळवून ठेवतो, तेव्हा त्याला 'होल्ड' म्हणतात. २०२३ साली अलाबामाचे सिनेटर टॉमी ट्यूबरव्हिल यांनी संरक्षण खात्याच्या गर्भपातविषयक धोरणाचा निषेध म्हणून लष्करी अधिकाऱ्यांच्या बढत्या अशाच रोखल्या. चारशेहून अधिक अधिकारी महिनोन् महिने ताटकळत राहिले.

भारतीयांना या 'हरकती'चे मोल ग्रीन कार्डाच्या प्रश्नात कळले. अमेरिकेत नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे दिली जातात. त्यात कोणत्याही एका देशाच्या नागरिकांना साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये, अशी कायद्यातील अट आहे. अर्जदारांत भारतीयांचे प्रमाण फार मोठे असल्याने त्यांची रांग अनेक वर्षे पुढे सरकत नाही. पुण्या-मुंबईहून गेलेला अभियंता तिथे घर घेतो, कर भरतो, पण नोकरी गेली तर देश सोडण्याची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर कायम असते. लहानपणी आईवडिलांबरोबर गेलेली मुले २१ वर्षांची झाली की त्यांच्यावर अवलंबून असल्याचा दर्जा गमावतात.

ही देशनिहाय मर्यादा नोकरीच्या गटापुरती रद्द करणारे विधेयक १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ अशा प्रचंड मताधिक्याने मंजूर झाले. सिनेटमध्ये युटाचे माइक ली यांनी तसेच विधेयक आणले होते आणि त्याला कमला हॅरिस यांचीही साथ होती. ली यांनी सर्वसंमतीचा मार्ग निवडला. पण २०१९ मध्येच आधी रँड पॉल, मग डेव्हिड पर्ड्यू आणि त्यानंतर डिक डर्बिन यांनी वेगवेगळ्या टप्प्यांवर हरकत घेतली. प्रत्येकाचे कारण वेगळे होते. कोणाला परिचारिकांच्या व्हिसाची काळजी होती, तर कोणाला इतर देशांच्या अर्जदारांवर अन्याय होईल अशी भीती होती. एकेकाशी वाटाघाटी करून मसुदा बदलत गेला आणि अखेर २ डिसेंबर २०२० रोजी कोणीही हरकत न घेतल्याने तो मंजूर झाला. भाषणबाजी झाली नाही की मतमोजणीही झाली नाही.

मात्र तोवर सिनेटचा मसुदा आणि प्रतिनिधीगृहाचा मसुदा यांत अंतर पडले होते. दोन्ही सभागृहांनी शब्दशः एकच मजकूर मंजूर केल्याखेरीज विधेयक राष्ट्राध्यक्षांकडे जाऊ शकत नाही. ३ जानेवारी २०२१ रोजी त्या काँग्रेसची मुदत संपली आणि विधेयक व्यपगत झाले. नंतरही तशी विधेयके मांडली गेली, पण कायदा झाला नाही. दोन्ही सभागृहांनी तत्त्वतः मान्य केलेली गोष्ट वेळेअभावी कशी मरते, याचे हे उदाहरण आहे. तो वेळ खर्ची पडला होता हरकती दूर करण्यात.

साठ मतांची भिंत

सर्वसंमती मिळाली नाही, तर पुढचा मार्ग खडतर असतो. सिनेटमध्ये चर्चेला मुळात मर्यादा नाही. एखादे विधेयक विचारार्थ घ्यावे की नाही, यावरही अमर्याद चर्चा होऊ शकते. या हक्काचा वापर करून विधेयक रोखण्याला 'फिलिबस्टर' म्हणतात. समुद्री चाच्यांसाठीच्या डच शब्दापासून ते नाव आले आहे.

ही चर्चा थांबवण्याची सोय १९१७ साली नियमात आली. तिला 'क्लोचर' म्हणतात. सुरुवातीला त्यासाठी मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांचा पाठिंबा लागे. १९७५ साली ही अट एकूण सदस्यांच्या तीन पंचमांश, म्हणजे ६० मतांवर आली. १६ सदस्यांच्या सह्यांचा अर्ज द्यायचा, मधला एक दिवस जाऊ द्यायचा, त्यानंतरच्या दिवशी मतदान घ्यायचे आणि ६० मते मिळाली तरीही पुढे कमाल ३० तासांची चर्चा होऊ द्यायची, असा हा क्रम आहे. सोमवारी अर्ज दिला तर मतदान बुधवारी होते. हे सारे एकदा विधेयक विचारार्थ घेण्यासाठी आणि पुन्हा प्रत्यक्ष विधेयकासाठी करावे लागू शकते. एका वादग्रस्त विधेयकात आठवडा-दोन आठवडे जातात, ते असे.

फिलिबस्टर म्हटले की तासन् तास उभे राहून बोलणारा सिनेटर डोळ्यांसमोर येतो. १९५७ साली नागरी हक्क विधेयकाच्या विरोधात स्ट्रॉम थरमंड २४ तास १८ मिनिटे बोलले होते. तो विक्रम कोरी बुकर यांनी ३१ मार्च ते १ एप्रिल २०२५ या काळात २५ तास ५ मिनिटे बोलून मोडला. बुकर यांचे भाषण ट्रम्प प्रशासनाच्या धोरणांच्या निषेधाचे होते, कोणतेही एक विधेयक अडवण्यासाठी नव्हते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांना विरोध करणाऱ्या थरमंड यांचा विक्रम एका कृष्णवर्णीय सिनेटरने मोडावा, याची तेव्हा बरीच चर्चा झाली. आता मात्र असे उभे राहण्याची गरज क्वचितच पडते. '६० मते नाहीत' एवढे दिसले की नेते विधेयक पुढे आणतच नाहीत.

या भिंतीचा सर्वांत कडवा इतिहास नागरी हक्कांचाच आहे. १९६४ साली दक्षिणेकडील राज्यांच्या सदस्यांनी नागरी हक्क विधेयक कित्येक आठवडे रोखून धरले. १० जून १९६४ रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा थांबवण्यात आली. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना त्या वेळी मेंदूच्या विकारामुळे बोलता येत नव्हते. त्यांना सभागृहात आणले गेले आणि नाव पुकारल्यावर त्यांनी आपल्या डोळ्याकडे बोट दाखवले. 'आय' या उच्चाराचा अर्थ डोळा आणि होकारही. त्यांचे मत बाजूने नोंदले गेले. सुमारे दीड महिन्यानंतर त्यांचे निधन झाले.

अलीकडचे उदाहरण २०२५ च्या अखेरीचे आहे. १ ऑक्टोबरपासून सरकारी खर्चाची तरतूद संपली आणि बहुमत असूनही रिपब्लिकन पक्षाला ६० मते जमेनात. त्याच प्रस्तावावर वारंवार मतदान झाले आणि तो वारंवार पडला. अखेर ९ नोव्हेंबर रोजी काही डेमोक्रॅट सदस्यांनी साथ दिल्याने ६० विरुद्ध ४० अशी कोंडी फुटली. १२ नोव्हेंबरला सरकार पुन्हा सुरू झाले, तेव्हा ४३ दिवस उलटले होते. अमेरिकेच्या तोवरच्या इतिहासातील ती सर्वांत दीर्घ टाळेबंदी होती. त्या काळात लाखो कर्मचारी पगाराविना होते.

मतदान आणि आडवाट

सिनेटमध्ये मतदानासाठी कळ दाबण्याची यंत्रणा नाही. साध्या प्रश्नांवर आवाजी मतदान होते. नोंद हवी असेल तर लिपिक एकेका सदस्याचे नाव पुकारतो. मतदानाची वेळ नावापुरती १५ मिनिटांची असते आणि बहुधा ती लांबते. सदस्य लिपिकाच्या मेजासमोर येऊन अंगठा वर किंवा खाली करूनही मत नोंदवतात. २८ जुलै २०१७ च्या पहाटे जॉन मॅकेन यांनी याच जागी अंगठा खाली केला आणि ओबामांच्या काळातील आरोग्य विमा कायद्याचे काही भाग रद्द करू पाहणारा त्यांच्याच पक्षाचा प्रस्ताव ४९ विरुद्ध ५१ असा कोसळला.

या मतदानाला ६० मतांची अट नव्हती, कारण तो प्रस्ताव अर्थसंकल्पी समायोजनाच्या खास मार्गाने आला होता. या मार्गाने आलेल्या विधेयकावरील चर्चा २० तासांपुरती मर्यादित असते. त्यामुळे फिलिबस्टर होऊ शकत नाही आणि साधे बहुमत पुरते. अट एवढीच की विधेयकातील प्रत्येक तरतुदीचा खर्चाशी किंवा महसुलाशी थेट संबंध हवा. तो नसलेल्या तरतुदी संसदीय सल्लागाराच्या मतानुसार गळतात. चर्चेचा वेळ संपल्यावर सदस्य हव्या तितक्या दुरुस्त्या मांडू शकतात आणि त्यांवर एकामागून एक मतदान होत राहते. हे सत्र रात्रभर चालते.

२०२५ च्या उन्हाळ्यातील करकपातीचे विधेयक याच मार्गाने गेले. विरोधकांनी प्रथम विधेयकाचे संपूर्ण वाचन मागितले. ९०० हून अधिक पानांचा तो मजकूर लिपिक पाळीपाळीने वाचत राहिले. नंतर दुरुस्त्यांवरील मतदान चोवीस तासांहून अधिक चालले. १ जुलै रोजी मते ५०-५० अशी समसमान पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्या मताने विधेयक मंजूर झाले.

परदेशातून सर्वाधिक रक्कम मायदेशी येणारा देश भारत आहे. त्यामुळे या विधेयकाकडे येथेही लक्ष होते. अमेरिकी नागरिक नसलेल्यांनी बाहेर पाठवलेल्या पैशांवर ३.५ टक्के कर लावण्याचा मसुदा प्रतिनिधीगृहाने मंजूर केला होता. सिनेटने तो एक टक्क्यावर आणला. शिवाय रोख रक्कम, मनीऑर्डर किंवा तत्सम मार्गाने पाठवलेल्या पैशांपुरताच तो मर्यादित ठेवला. बँक खात्यातून होणारे व्यवहार त्यातून सुटले. १ जानेवारी २०२६ पासून हा कर लागू झाला.

नेमणुका आणि करार

सिनेटच्या दिवसाचा मोठा भाग कायद्यांपेक्षा नेमणुकांवर खर्च होतो. मंत्री, राजदूत, न्यायाधीश आणि वरिष्ठ लष्करी अधिकारी यांच्या नेमणुकांना सिनेटची संमती लागते. त्यांची कामकाज सूचीही वेगळी असते. आंतरराष्ट्रीय करारांना दोन तृतीयांश मते लागतात. महाभियोगाचा खटलाही येथेच चालतो आणि दोषी ठरवण्यास तेवढीच मते लागतात. २०२१ साली डोनाल्ड ट्रम्प यांच्या विरोधात ५७ मते पडूनही ते दोषमुक्त झाले, ते यामुळेच.

नेमणुकांसाठीची ६० मतांची अट मात्र आता उरलेली नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये डेमोक्रॅटिक बहुमताने सर्वोच्च न्यायालय वगळता इतर नेमणुकांसाठी ती काढून टाकली. एप्रिल २०१७ मध्ये रिपब्लिकन बहुमताने सर्वोच्च न्यायालयासाठीही ती काढली. सप्टेंबर २०२५ मध्ये अनेक नेमणुका एकगठ्ठा मंजूर करण्याची पद्धतही आली. ज्या पक्षाकडे बहुमत असते त्याला नियम जाचक वाटतो आणि अल्पमतात गेल्यावर तोच नियम लोकशाहीचा आधार वाटू लागतो. ही गोष्ट कोणत्याही देशाच्या राजकारणाला नवी नाही.

दिव्याखाली दिवसाचा शेवट

संध्याकाळी सभागृह पुन्हा रिकामे होते. बहुमत नेता किंवा त्याच्या वतीने एखादा सदस्य कागदांचा गठ्ठा घेऊन उभा राहतो. त्यात दिवसभरात दोन्ही पक्षांच्या कार्यालयांतून सर्व सदस्यांना कळवून ज्यांवर कोणाचीही हरकत आली नाही, अशा बाबी असतात. एखाद्या टपाल कार्यालयाला हुतात्म्याचे नाव देणे, एखादा अभिनंदनाचा ठराव, काही नेमणुका आणि कधी कधी एखादा खरोखरच महत्त्वाचा कायदा. तो भराभर वाचत जातो आणि आसनावरून 'हरकत नसल्याने मंजूर' असे उत्तर येत राहते. ग्रीन कार्डाचे विधेयक असेच कोणाच्याही मताविना सिनेटच्या पार गेले होते.

शेवटी दुसऱ्या दिवसाची वेळ आणि कार्यक्रम जाहीर होतो. हस्तिदंती हातोडी खाली येते, चार घंटा वाजतात आणि लाल दिवा विझतो. दिवसभर बोलला गेलेला मजकूर दुसऱ्या दिवशी अधिकृत इतिवृत्तात छापून तयार असतो. १९८६ पासून सिनेटचे कामकाज दूरचित्रवाणीवरही दिसते.

राज्यसभेत सभापती चर्चेची वेळ संपल्याचे सांगू शकतात आणि साध्या बहुमताने विधेयक मार्गी लागते. तेथे तक्रार असते ती गोंधळात आणि घाईघाईत चर्चेविना मंजूर होणाऱ्या विधेयकांची. सिनेटमध्ये तक्रार नेमकी उलट आहे. तिथे चर्चेचा हक्क एवढा अबाधित आहे, की निर्णयच होत नाही. बहुमताची घाई रोखावी म्हणून अमेरिकी घटनाकारांनी हे सभागृह निर्माण केले. परंतु ६० मतांची अट त्यांनी घटनेत घातलेली नाही. ती सिनेटने स्वतःच्या नियमांनी घडवली आणि नेमणुकांच्या बाबतीत स्वतःच मोडलीही. विधेयकांसाठी ती किती काळ टिकेल, हा तिथला वादाचा विषय आहे.

ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या कुटुंबांना या वादाचे दोन्ही अर्थ माहीत आहेत. एका सदस्याच्या हरकतीने त्यांचा प्रश्न अडला होता. उद्या त्यांच्या विरोधातील एखादे विधेयक आले, तर तेही कदाचित एका हरकतीनेच अडेल.